आधी अंदाज, मग पडदा

सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर ०.४ आणि ०.३५ या दोन संख्या लिहाव्यात आणि मोठी कोणती, असे विचारावे. बरेच हात ०.३५ साठी वर जातात. का, म्हटले की मुले लगेच सांगतात, चारापेक्षा पस्तीस मोठे ना! ही चूक आळसातून आलेली नसते. जास्त अंकांची संख्या मोठी, हे मूल पहिलीपासून शिकत आले आहे आणि पूर्ण संख्यांपुरते ते खरेही आहे. तोच नियम घेऊन ते दशांश चिन्हाच्या पलीकडे गेले, एवढेच.

याहून फसवी चूक पुढे आहे. काही मुलांनी मनाशी उलटा नियम बांधलेला असतो : दशांशापेक्षा शतांश लहान, म्हणून चिन्हापुढे जितके अंक जास्त तितकी संख्या लहान. अशा मुलाला पहिला प्रश्न विचारला तर ते ०.४ मोठे म्हणते. उत्तर बरोबर येते, शाबासकी मिळते. त्याच मुलाला ०.४५ आणि ०.३ विचारा, ते ०.३ मोठे म्हणेल. चुकीच्या नियमातून आलेले बरोबर उत्तर वहीत लाल खुणेसह तसेच राहते आणि मूल ती समजूत घेऊन आठवीत, नववीत जाते. तिथे शेकडेवारी येते, चक्रवाढ व्याज येते, आणि सगळे एकदम कोसळते. घरी सांगतात, याला गणित जमत नाही.

चाळीस मुलांच्या वर्गात कोणाच्या मनात कोणता नियम बसला आहे, हे एका शिक्षकाला पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत कळणे फार कठीण आहे. वर्गातल्या यंत्राने सर्वांत आधी कोणते काम करावे, याचे माझे उत्तर म्हणूनच सरळ आहे. त्याने मुलाला आधी अंदाज करायला लावावे आणि तो अंदाज शिक्षकाला दाखवावा. धडा रंगीत करून दाखवणे हे त्याचे दुय्यम काम आहे.

महाराष्ट्रात मात्र सुरुवात दुय्यम कामापासून झाली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड या शिक्षकांनी शाळा डिजिटल करून दाखवली आणि तिचे नाव राज्यभर झाले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव लोकवर्गणी जमली, प्रोजेक्टर आले, मोठे टीव्ही आले. शिक्षकांनी पदरमोड केली, शेतमजुरांनीही शंभर-दोनशे रुपये दिले. त्या काळातला हा उत्साह खरा होता आणि त्याचा मान ठेवलाच पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड छापले जाऊ लागले आणि २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठाशी ते जोडले गेले. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पण पडद्यावर गणित कसे आले? बहुतेक ठिकाणी ध्वनिचित्रफीत होऊन आले. पडद्यावरची बाई अपूर्णांकांची बेरीज करून दाखवते, मुले पाहतात, संगीत वाजते, धडा संपतो. मुलाला कोणी काही विचारत नाही. पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि वही उघडल्यावर हात थांबतो, हा अनुभव मोठ्यांनाही आहे.

याबाबत जगाचा अनुभव स्पष्ट आहे. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेत ग्रामीण शाळांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ साली ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती यंत्र भरपूर आले होते, पण गणित आणि भाषा या विषयांत फरक पडला नव्हता. त्याच योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, खैराट या लहानशा वाडीच्या शाळेत झाला होता. पुढे २०१५ मध्ये ओईसीडी या संघटनेने अनेक देशांची आकडेवारी मांडली. शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च करणाऱ्या देशांतही मुलांच्या गणितात डोळ्यांत भरेल अशी सुधारणा झालेली नव्हती.

दुसरी बाजू गुजरातेत आणि दिल्लीत दिसली. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकापाशी दोन मुले बसत, आणि गणित सोडवले तरच खेळ पुढे सरकत असे. पुढे नोबेल मिळवणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर हा प्रयोग तपासला. गणितात ठळक वाढ आढळली. वर्षभराने त्यातली बरीचशी ओसरली होती, हेही त्यांनी नोंदवले. दिल्लीचा अभ्यास माध्यमिक टप्प्याच्या अधिक जवळचा आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंह आणि आलेहांद्रो गानिमियन यांनी सरकारी शाळांतल्या मुलांची शाळेबाहेरच्या केंद्रांवर चाचणी घेतली. सहावीतले मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते, नववीत हेच अंतर साडेचार इयत्तांवर गेले होते. केंद्रावरचे सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पातळीवरचा प्रश्न देई, उत्तर पाहून पुढचा प्रश्न ठरवी. सोबत शिक्षकाबरोबरचा गटही असे. साडेचार महिन्यांत तिथल्या मुलांची गणितातली प्रगती इतरांच्या सुमारे दुप्पट झाली.

पेरू आणि दिल्ली यांच्यातला फरक यंत्राच्या किमतीत नाही. दिल्लीत यंत्र मुलाला सतत विचारत होते आणि मुलाच्या उत्तराप्रमाणे बदलत होते.

आपल्या मराठवाड्याला ही गोष्ट परकी वाटू नये. लातूर पॅटर्नबद्दल कोणी काहीही म्हणो, त्याचे बळ सराव चाचण्या घेणे, त्या तपासणे आणि चूक मुलासमोर ठेवणे यातच होते. दहावी-बारावीच्या मुलांसाठी शिक्षकांनी हे काम रात्री जागून केले. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी मात्र कोणी केले नाही, आणि पाया तर तिथेच घातला जातो.

मराठवाड्यातलेच एक उदाहरण म्हणून आता नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातल्या इस्लापूरकडे येऊ. पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याजवळचे हे गाव नांदेडकरांना ठाऊक आहे, पण त्याचे नाव १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात आहे, हे फारसे कोणाला माहीत नसते. आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ त्या कायद्याने हैदराबाद राज्यातून निघून आपल्याकडे आले. म्हणून या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगू आहे, गोंडी आणि कोलामी आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे. गणिताच्या शिक्षकाला हे रोज जाणवते. आकडेमोड करणारे मूल शाब्दिक उदाहरणापाशी अडते. तिथे अडचण गणिताची असतेच असे नाही. ‘एकाने वस्तू शेकडा वीस नफ्याने विकली’ या वाक्यात काय घडले, हे चित्रच त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही.

इथे सर्वांत स्वस्त यंत्र उपयोगी पडते, ते म्हणजे फोनमधले ध्वनिमुद्रण. आठवीतल्या गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलीने तेच उदाहरण आपल्या बोलीत सांगून फोनवर नोंदवावे, सहावीतल्या मुलांनी ते ऐकावे आणि मग पुस्तकातले मराठी वाक्य वाचावे. नेट लागत नाही, पैसा लागत नाही. शिवाय उदाहरण दुसऱ्याला समजावून सांगताना त्या मुलीचेही गणित पक्के होते. परितेवाडीला कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी डिसले गुरुजी कन्नड शिकले होते. किनवटला चार-पाच भाषा एका शिक्षकाने शिकाव्यात, ही अपेक्षा जास्त होईल; मुलांकडून ते काम सहज होते.

आता अंदाज पाहण्याचे साधन. ‘प्लिकर्स’ नावाची एक सोपी पद्धत आहे. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेले एक काळे-पांढरे चित्र मिळते. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मुलाला जे उत्तर वाटते ती बाजू वर करून ते कार्ड धरते. शिक्षक आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणी काय उत्तर दिले ते फोनवर उमटते. प्रत्येकाचे चित्र वेगळे असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे बंद होते. लाजरे मूलही उत्तर देते, कारण चुकल्यावर वर्ग हसणार नसतो. अख्ख्या वर्गात फोन एकच लागतो, तोही शिक्षकाचा. त्याला नेट मात्र हवे. नेट नसेल तेव्हा चौकोनी कागदावर क, ख, ग, घ लिहून सगळ्यांनी एकाच वेळी वर करावेत. नोंद राहत नाही, पण वर्गाचा कल नजरेत येतो.

अर्थात खरी कसोटी पर्याय निवडण्यात आहे. ०.४, ०.३५ आणि ०.१२५ यांत मोठी कोणती, असे विचारले तर ०.१२५ म्हणणारे मूल अंक मोजते आहे, हे लगेच दिसते. पुढचा प्रश्न ०.४५ आणि ०.३ चा ठेवला की उलटा नियम बांधलेली मुलेही सापडतात. अपूर्णांकांतही तसेच : १/२ आणि १/३ यांची बेरीज विचारताना २/५ हा पर्याय असलाच पाहिजे, कारण वरच्यात वरचे आणि खालच्यात खालचे मिळवणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. मग त्यांना एवढेच विचारावे, की अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी भाकरी कशी झाली? चूक कशातून होते हे शिक्षकाला माहीत असेल तरच यंत्राचा उपयोग. म्हणून शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत टीव्ही कसा जोडावा यावर जेवढा वेळ जातो, तेवढाच असे प्रश्न तयार करण्यात जावा.

भूमितीत पडद्याचे महत्त्व वेगळे आहे, आणि तिथे तो फळ्याला खरोखर मागे टाकतो. पुस्तकातला त्रिकोण जवळजवळ नेहमी पाया खाली टेकवून बसलेला असतो. त्यामुळे टोकावर उभा केलेला त्रिकोण मुलांना विचित्र वाटतो, आणि विशालकोन त्रिकोणाची उंची त्रिकोणाच्या बाहेर पडते हे तर कित्येकांना पटतच नाही. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी असताना ‘जिओजिब्रा’ हे सॉफ्टवेअर तयार केले. शाळांना ते मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालते. त्यात त्रिकोणाचे टोक बोटाने धरून ओढता येते.

असा एक तास पाहा. पाया ६ सेंमी, उंची ४ सेंमी. वरचे टोक पायाला समांतर रेषेवरून सरकवायचे. सरकवण्याआधी मुलांना विचारायचे : टोक खूप लांब उजवीकडे नेले तर क्षेत्रफळ वाढेल, घटेल की तेवढेच राहील? प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचे, कारणासह. बाजू लांबलेल्या दिसतात म्हणून बहुतेक मुले वाढेल म्हणतात. त्रिकोण बारीक दिसतो म्हणून काही घटेल म्हणतात. मग एका मुलीला बोलावून टोक ओढायला सांगायचे. त्रिकोण लांबतो, तिरपा होतो, काटकुळा होतो आणि क्षेत्रफळाचा आकडा १२ वरून हलत नाही. वर्गात कुजबुज सुरू होते. अर्धा गुणिले पाया गुणिले उंची हे सूत्र त्याच क्षणी कामाला येते, कारण आता त्या मुलांना एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असते. हाच त्रिकोण आधी अंदाज न विचारता सरकवून दाखवला असता तर तीच मुले जांभया देत बसली असती.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही खेळती प्रात्यक्षिकेही अशीच वापरता येतात. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो प्रकल्प सुरू केला. अपूर्णांक, समीकरणाचा तराजू, क्षेत्रफळ असे अनेक विषय त्यात आहेत, काही मराठीतही आहेत. शिक्षकांनी तालुक्याच्या गावी नेट मिळेल तेव्हा ती उतरवून पेनड्राइव्हवर आणावीत.

संख्यांचा विषय निघाला की आपल्याकडचे एक नाव घेतलेच पाहिजे. द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते. त्यांच्याकडे संगणक नव्हता, कागद-पेन्सिल होती. त्यांनी १९४९ मध्ये मांडलेली गंमत आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. ३५२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तर परत ६१७४. कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते.

सहावीच्या वर्गात प्रत्येक मुलाने वेगळी संख्या घ्यावी. हातच्याच्या वजाबाक्या मुले कोणी न सांगता करत सुटतात, कारण शेवटी काय येते याची ओढ लागलेली असते. ज्याचे ६१७४ येत नाही ते मूल आपली चूक आपणच शोधते. इथवर यंत्राची गरज नाही. गरज पुढच्या प्रश्नाला लागते : तीन अंकी संख्येचे काय होईल? पाच अंकीचे? आता शाळेतल्या जुन्या संगणकावर किंवा फोनवर तक्त्याचे सॉफ्टवेअर उघडून भराभर तपासावे. तीन अंकीत ४९५ येते. पाच अंकीत एकच संख्या येत नाही, फेरे सुरू होतात. दोन अंकी संख्या तर हातानेच तपासता येतात : ८१, ६३, २७, ४५, ९ आणि परत ८१. सगळ्या नवाच्या पटीत! का? १०अ + ब मधून १०ब + अ वजा केले तर ९(अ − ब) उरते. काय होते ते आकडेमोडीने दाखवले. का होते हे बीजगणिताने सांगितले. अक्षरे गणितात कशासाठी आणतात, हे आठवीच्या मुलाला एवढ्या थोड्या वेळात पटवणारा दुसरा पाठ मला माहीत नाही.

इस्लापूरच्या मुलांसाठी आणखी एक विषय त्यांच्या घरातलाच आहे. इस्लापूर हे महसूल मंडळ आहे. पावसाळ्यात मंडळनिहाय पावसाचे आकडे वर्तमानपत्रात येतात, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. पिकाच्या नुकसानभरपाईचा विचार या आकड्याशी बांधलेला असतो. सातवी-आठवीच्या मुलांनी जून ते सप्टेंबर रोजचा आकडा फोनवरच्या तक्त्यात भरावा. किनवट तालुक्याची सरासरी आणि आपल्या मंडळाचा पाऊस एकाच स्तंभालेखात काढावा. समजा एका दिवशी तालुक्याची सरासरी ४० भरली, आपल्या मंडळात ७० आणि शेजारच्या मंडळात १५ झाला. सरासरीने काय झाकले, हा प्रश्न शिक्षकाने विचारायचीही गरज पडणार नाही. ज्याच्या घरचे सोयाबीन पाण्याखाली गेले ते मूल स्वतःच विचारील. अशा तासाला सांख्यिकी कंटाळवाणी राहत नाही.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकू नयेत. वीजबिल थकले की जोडणी तुटते. पावसाळ्यात वीज जाते, प्रोजेक्टरचा दिवा गेला तर दुरुस्तीला नांदेड गाठावे लागते. टीव्ही चोरीला जाईल या धास्तीने तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात राहतो. करोनाच्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हटले जात असताना नेट न पोचणाऱ्या वाड्या-तांड्यांवरच्या मुलांची वर्षे कशी गेली, हे या भागाने भोगले आहे. म्हणून इथली रचना नेटवर आणि तीस टॅबलेटांवर उभी करू नये. एक फोन, एक टीव्ही, एक पेनड्राइव्ह आणि वहीतला लिहिलेला अंदाज एवढ्यावर वरचे जवळजवळ सगळे पाठ होतात. वीज गेली तर कापरेकर फळ्यावरही चालतात.

किनवट तालुक्यातल्या, आणि मराठवाड्यातल्या इतरही शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे. लोकवर्गणीतून आलेला टीव्ही कुलपातून काढून सातवीच्या वर्गात लावा. आठवड्यातली गणिताची एक तासिका अशा पाठासाठी राखून ठेवा. त्या तासाला पडदा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपले उत्तर वहीत लिहिले आहे, एवढे मात्र पाहा.